चौथी बरणी

जीवराम पाटलाच्या नाकाला वरणगावच्या वसाहतीत मान होता. डब्याचं झाकण उघडण्याआधी आत काय आहे ते तो सांगायचा. घरी पहिला घास तोंडाजवळ नेऊन क्षणभर थांबायचा, आणि त्याची बायको कोकिळा हातातली पळी तशीच धरून उभी राहायची.

"तेल बदललंस," तो म्हणायचा. किंवा, "वरण सकाळचं आहे."

मग ताट सरकवायचा. भांडण नाही, आरडाओरड नाही. सरकवलेलं ताट उचलायचं, आत न्यायचं, दुसरं काहीतरी करून आणायचं. तोवर तो वर्तमानपत्र वाचत बसणार. कोकिळाचा सगळा संसार त्या नाकाच्या धाकात गेला.

ती शिंदखेडा तालुक्यातल्या एका कापसाच्या गावची. लग्न झालं तेव्हा तिला अहिराणी सोडून दुसरं बोलणं येत नव्हतं. जीवरामही अमळनेरकडचाच, त्याच्याही आईबापांची बोली तीच. पण आयुध कारखान्यात नोकरी लागली, बढत्या मिळाल्या, साहेब लोकांत ऊठबस वाढली, तशी त्यानं ती बोली टाकून दिली. कोकिळा चारचौघांत चुकून 'आहे'ऐवजी 'शे' म्हणाली की तो पाहुण्यांकडे बघून हसायचा आणि तिचं वाक्य दुरुस्त करायचा. तिनं पुस्तकी मराठी शिकून घेतली ती त्या हसण्याच्या भीतीनं.

पाइपाचं वेड त्याला एका वरिष्ठ साहेबांनी लावलं. कारखान्यात सगळा दारूगोळा, म्हणून काडेपेटी फाटकावरच जमा करावी लागे. त्यामुळे संध्याकाळी क्वार्टरच्या ओट्यावर बसून पाइप भरणं हे त्याचं मोठं सुख. तंबाखू विलायतेहून यायची, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती. चॉकलेटच्या वासाची गोडसर तंबाखू त्याला चालत नसे. ती पोरासोरांची, म्हणायचा. त्याला जुन्या इंग्रजी धाटणीची कडक तंबाखू लागे. एकीत लटाकिया नावाची पानं असत, झुडपांच्या धुरावर टांगून काळी केलेली. एकीत पेरिक, म्हणजे पिंपात दाबून आंबवलेली. इंग्लंडच्या उत्तरेला तळ्यांच्या मुलखात बनणाऱ्या एका जातीला गुलाबाचं, जिरेनियमचं आणि टोंका नावाच्या बीचं अत्तर लावलेलं असे. आणि सगळ्यांत जहाल तो काळा दोर: पानं दोरीसारखी पिळून, तेल लावून, दाबून शिजवलेली. तो सुरीनं कापावा लागे.

ओट्यावर तो हे फरक पाहुण्यांना समजावून सांगायचा. कोकिळा आतून ऐकायची. तिचं स्वतःचं मत निराळं होतं, कारण खानदेशच्या उन्हात डबे कोरडे पडू नयेत म्हणून ते माठाशेजारी ठेवायचे, अधूनमधून उघडून ओल बघायची, बटाट्याची साल टाकायची, हे काम तिचंच. लटाकिया तिला भरिताच्या वांग्याच्या जळक्या सालीसारखी वाटे. पेरिक म्हणजे बरणीच्या तळाशी उरलेलं लिंबाचं लोणचं. अत्तरवाली उघडली की साबणाची नवी वडी फोडल्यासारखं व्हायचं. दोराला पेंडीचा आणि गुळाच्या काहिलीचा वास. त्यानं तिला कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

दुसऱ्या बाळंतपणाला तिची आई भिकुबाई वरणगावला आली. बारीक चणीची, खालच्या आवाजात बोलणारी बाई. तिला मिसरीची सवय. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, आणि सकाळ-दुपार बोटावर घेऊन दातांना लावायची. गावातल्या सगळ्या बायकांची असते तशी. जावयाला त्रास नको म्हणून ती मागच्या अंगणात तीन विटा मांडून भाजत असे.

एका रविवारी साहेब आणि त्यांच्या बाई बाळ बघायला अचानक आले. मागं तवा चढलेला होता. वारा नेमका घरात येत होता.

"कसला हो वास?" बाईंनी पदर नाकाला लावून विचारलं.

"कामाला बाई ठेवलीय," जीवराम म्हणाला. "मिसरी भाजतेय. या लोकांना किती सांगितलं तरी अक्कल येत नाही."

आणि उठून मागं गेला. तवा उचलून त्यानं कुंपणापलीकडच्या नाल्यात फेकला, त्यामागून पत्र्याची डबी. परत येऊन हात धुतले, पाइप भरला आणि साहेबांना लटाकिया धुरावर कशी काळी करतात ते सांगू लागला.

कोकिळा बाळाला पाजत आतल्या खोलीत होती. तिनं सगळं ऐकलं. भिकुबाईनंही ऐकलं होतं. ती आत आली, पाणी प्याली, आणि पाहुणे जाईपर्यंत भिंतीला पाठ लावून बसून राहिली. कोकिळा उठायला लागली तशी तिनं तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. तू काही बोलू नको त्याले. तुले आठेच ऱ्हावानं शे." लेकीला याच घरात राहायचं होतं, एवढंच ती बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं भिकुबाई गेली. पुन्हा लेकीच्या दारात आली नाही. बोलावलं की म्हणायची, कापूस वेचायचा आहे, म्हैस व्यायली आहे. काही वर्षांनी ती वारली. जीवराम अंत्यविधीला आला, उन्हात उभा राहिला, घड्याळ बघितलं.

तेव्हापासून कोकिळानं मनात डूख धरला. बाहेरून काही दिसायचं नाही. मुलं मोठी झाली, हेमांगी लग्न होऊन मँचेस्टरला गेली, मुलगा पुण्यात. जीवराम निवृत्त झाला, जळगावात बंगली बांधली. कोकिळा त्याच्या बरण्या माठाशेजारी ठेवत राहिली. कधीतरी, भाजीत मुद्दाम मीठ जास्त घालावं, दुधात काही मिसळावं असं मनात येई. पण उपयोग नव्हता. ते नाक पहारेकऱ्यासारखं जागं असे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत जीवराम आजारी पडला. दवाखान्यातून घरी आला, हिंडू-फिरू लागला, पुन्हा पाइप ओढू लागला. काही बदललं असं कोणाला वाटलं नाही.

मग एके दिवशी कोकिळा गच्चीवर उडदाचे पापड वाळत घालत होती आणि गॅसवरचं दूध विसरली. शेजारच्या प्रमिलाबाईंनी कुंपणावरून हाक मारली, "अहो कोकिळाताई, काय करपलंय बघा." ती धावत खाली आली. घर करपट वासानं भरलं होतं. पातेल्याचा तळ कोळसा झालेला. आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर, चार पावलांवर, जीवराम शांतपणे शब्दकोडं सोडवत बसला होता.

तिनं वरचं उरलेलं दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं आणि पातेलं नळाखाली धरलं. त्यानं कोड्यातून मान वर केली नाही. दुपारी तिनं त्याच करपट दुधाची खीर केली. त्यानं वाटी पुसून खाल्ली.

कोकिळा लगेच काही समजून बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या रुमालाला हिंग चोळला. त्यानं त्याच रुमालानं चेहरा पुसला, चष्मा पुसला, आणि खिशात ठेवला. तेव्हा तिला खात्री झाली. ती मोरीत जाऊन उभी राहिली. हाताला लागलेला हिंग धुतला. तिला दया आली नाही.

आता तो रोज कसं नाटक करतो ते तिला दिसू लागलं. बरणीवरची चिठ्ठी वाचायचा, मग झाकण उघडायचा, डोळे मिटून हुंगायचा, "वा," म्हणायचा. जेवताना पूर्वीसारखा थांबायचा, आणि मधूनच अंदाजानं म्हणायचा, "तेल बदललंस." तेल बदललेलं नसायचं. ती म्हणायची, "हो." आणि तो समाधानानं जेवायचा. तो तंबाखू चुरून काचेच्या बरण्यांत ठेवत असे. तिनं लटाकियाची बरणी आणि अत्तरवालीची बरणी यांतला माल एकमेकांत बदलला. दिसायला दोन्ही काळपट. त्या संध्याकाळी साबणासारख्या वासाची तंबाखू ओढत जीवराम तिला म्हणाला, "या लटाकियासारखी दुसरी नाही. चामड्याचा वास बघ कसा येतो." पूर्वी त्यानं तिला असं कधी सांगितलं नव्हतं. आता त्याला कोणीतरी ऐकणारं हवं होतं.

ती लगेच बोलू शकली असती. मुलांना फोन करून सांगता आलं असतं. पण तसं केलं तर तो आजारी माणूस ठरला असता, आणि सगळे त्याची काळजी करत बसले असते.

थंडीत हेमांगी येऊन गेली. येताना तिनं बापासाठी नव्या तंबाखूचे डबे आणले. जीवरामचे पाइप ओढणारे दोन मित्र होते. राजदीप हा दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेला अभियंता, शांत आणि मोजकं बोलणारा. स्वप्नील दातांचा डॉक्टर, तिघांत तरुण, जीवरामला गुरू मानणारा. जीवरामनं जाहीर केलं की येत्या रविवारी सकाळी ओट्यावर चार जातींची तुलना करायची. लटाकिया, पेरिक, अत्तरवाली, आणि शेवटी काळा दोर. स्वप्नील मोबाइलवर सगळं टिपून ठेवणार होता, त्यांच्या ग्रुपवर टाकायला.

कोकिळा म्हणाली, "मी दोन दिवस धुळ्याला जाऊन येते. वहिनीला बरं नाही."

वहिनी लताबाई ठणठणीत होती. कोकिळानं तिच्याकडून तंबाखूची पानं मागून घेतली. लताबाईनं विचारलं, "तू कधीपासून वं?" कोकिळा म्हणाली, "मले नही, घरमा लागस." लताबाई हसली. कोकिळा हसली नाही.

शनिवारी दुपारी जळगावच्या स्वयंपाकघरात तिनं तवा चढवला. खिडक्या मुद्दाम बंद केल्या. पानं तडतडली, तपकिरी झाली, काळी पडू लागली आणि तो वास उठला. इतक्या वर्षांनी. तिला आईचा खरखरीत तळहात आठवला, विटांपुढं उकिडवं बसणं आठवलं. डोळ्यांत पाणी आलं ते धुरानं की कशानं, तिनं बघितलं नाही. ती उलथनं हलवत राहिली. धूर दारातून हॉलमध्ये गेला. मग ती स्वतःच धुमसता तवा सांडशीत धरून दारात जाऊन उभी राहिली. जीवरामनं वर बघितलं. त्याला धूर दिसला.

"काय जळतंय?"

"मिरच्या भाजतेय. ठेच्याला."

"तरीच," तो म्हणाला, आणि नाकाला हात लावून खोकला. चांगला दोन-तीनदा खोकला. "केवढा खकाणा. पंखा लाव."

तिनं पंखा लावला. असलेला वास त्याला ओळखता येत नव्हता, आणि नसलेल्या मिरच्यांच्या वासानं तो ठसकत होता. तिला वाटलं, हे आईनं बघायला हवं होतं.

मिसरी कुटून भुकटी करतात. तिनं ती कुटली नाही, जाडसर ठेवली, वर बोटभर शेंगदाण्याचं तेल चोळलं. चौथ्या बरणीतला दोर काढून पिशवीत बांधला आणि मिसरी भरली. बरणीवर जीवरामच्या अक्षरातली चिठ्ठी तशीच होती.

रविवारी ऊन कोवळं होतं. तिघं ओट्यावर बसले. जीवराम रंगात आला होता. लटाकिया आणि अत्तरवालीचा माल तिनं पुन्हा जागच्या जागी केला होता, त्यामुळे पहिल्या तीन बरण्या नीट पार पडल्या. त्यानं पाठ केलेली वाक्यं म्हटली, स्वप्नीलनं मोबाइल धरला, राजदीप मान डोलवत राहिला. कोकिळा आत पोहे परतत होती.

"आता हा," जीवराम म्हणाला. "यात फूल नाही, अत्तर नाही. खाणीतली, जहाजावरची माणसं हा ओढायची. नुसतं पान आणि आग. आधी वास घ्या."

त्यानं स्वतः बरणी नाकाशी धरली, डोळे मिटले. "काकवी. जुनं लाकूड. वा." मग बरणी राजदीपकडे दिली.

राजदीपनं वास घेतला आणि तो थांबला. पुन्हा घेतला. चिमूटभर तळहातावर चोळून बघितली.

"जीवराम, बरणी बदलली असेल," तो हळूच म्हणाला. "ही मिसरी आहे."

"काहीतरीच काय."

"खरंच मिसरी आहे. आमची आजी भाजायची, मला झोपेतही कळेल."

स्वप्नीलनं बरणी घेऊन हुंगली. तो गोंधळून दोघांकडे बघू लागला. जीवरामचा चेहरा लाल झाला. माघार घ्यायची त्याला सवय नव्हती, आणि आता तर पुढं काय आहे ते त्याला दिसतही नव्हतं.

"तुझ्या वस्तीत मिसरीच हुंगलेली, तुला तेच वाटणार," तो म्हणाला. "इंग्रजी तंबाखू कळायला घराणं लागतं, राजदीप."

राजदीपनं पाइप टिपॉयवर ठेवला. स्वप्नीलनं मोबाइल खाली केला.

कोकिळा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. तिनं ट्रे ठेवला आणि उभ्यानंच बोलली.

"मिसरीच आहे. काल मी भाजली, यांच्यासमोर. यांना वास येत नाही. करोना झाला तेव्हापासून कशाचाच येत नाही. तुम्हाला जे सांगतात ते चिठ्ठ्या वाचून सांगतात."

"कोकिळा, आत जा," जीवराम म्हणाला.

"वरणगावला माझी आई मिसरी भाजत होती, तेव्हा यांनी साहेबांना सांगितलं, कामवाली भाजतेय. तवा नाल्यात फेकला. ती माझी आई आहे हे सांगायची यांना लाज वाटली. आज त्याच मिसरीला वा म्हणाले. मला एवढंच ऐकायचं होतं."

राजदीप उठला, चपला घातल्या आणि फाटक उघडून निघून गेला. स्वप्नील "काका, येतो," असं पुटपुटत त्याच्यामागं गेला. पोहे तसेच राहिले. जीवराम बरणीकडे बघत बसला. पुढं किती वेळ तरी त्यानं ती पुन्हा नाकाशी धरली, काढली, पुन्हा धरली. कोकिळा दारातून बघत होती. तिला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

दुपारी त्यानं विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दूध करपलं तेव्हापासून."

"मग तेव्हाच बोलायचं."

"तेव्हा बोलले असते तर तुम्ही सावरून घेतलं असतं."

तो खाटेवर आडवा झाला. मग म्हणाला, की काही खाल्लं तरी माती खाल्ल्यासारखं लागतं, चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, आणि हे कोणाला सांगायचं ते कळत नव्हतं. कोकिळानं ऐकून घेतलं. ती वाट बघत होती, की यापुढं तरी आईचं नाव निघेल. तो म्हणाला, "झालं ते झालं. आता जुनं उकरून काय मिळालं तुला?" आणि कूस बदलून झोपला.

एका गोष्टीनं मात्र तिला टोचणी लागली. ती राजदीपच्या घरी गेली. तो बुद्धविहारातून नुकताच आला होता, पांढऱ्या सदऱ्यात. तिनं दारातच सांगितलं, "भाऊ, तुमची माफी मागायला आले. त्यांच्या वतीनं नाही, माझी."

राजदीप म्हणाला, "वहिनी, तो जे बोलला ते मी नोकरीत आयुष्यभर ऐकलंय. त्याच्याकडून ऐकेन असं वाटलं नव्हतं, पण ठीक. तुमचं मात्र लागलं. तुम्हाला त्याला पाडायचं होतं, आणि त्यासाठी माझं नाक वापरलंत."

"वापरलं," ती म्हणाली.

त्यानं तिला बसवलं, चहा दिला. पण जीवरामच्या ओट्यावर तो पुन्हा आला नाही. पुढं तो आणि स्वप्नील स्वप्नीलच्या दवाखान्याच्या गच्चीवर बसू लागले. जीवरामला ते कळलं. त्यानं पाइप फडक्यात गुंडाळून कपाटात टाकले.

हेमांगीनं फोनवर बापाला समजावून नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरांनी सांगितलं, कधीकधी वास परत येतो, सराव करावा लागतो. चार लहान बाटल्या दिल्या: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज सकाळी डोळे मिटून एकेक हुंगायची आणि ओळखायची. बाटली धरायला दुसरं माणूस लागतं.

"तूच धर," जीवराम म्हणाला. त्यात विनंती होती, पण ती त्याला नीट जमली नाही.

कोकिळा धरू लागली. सकाळी चहा झाला की तो खुर्चीत डोळे मिटून बसायचा, मान जरा पुढं काढून. या माणसाला असं बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती बाटली त्याच्या नाकाखाली धरायची.

"लिंबू?"

"नाही."

"मग निलगिरी."

"नाही. गुलाब."

तो मान हलवायचा. आठवडे गेले, उन्हाळा लागला. 'नाही' म्हणताना तिला रोज तेवढंच गोड वाटायचं, पहिल्या दिवसाइतकं. ती वाट बघत होती, की कधीतरी तो डोळे उघडून आईबद्दल एक शब्द बोलेल. तो फक्त म्हणायचा, "पुढची दे."

एका सकाळी तिनं बाटली धरली आणि जीवरामच्या कपाळावर आठी पडली. त्यानं श्वास आत ओढला, पुन्हा ओढला. त्याचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला.

"लवंग," तो म्हणाला. विचारल्यासारखा नाही, सांगितल्यासारखा.

लवंगच होती.

कोकिळानं बाटलीकडे बघितलं, मग त्याच्या मिटलेल्या पापण्यांकडे. पापण्या थरथरत होत्या.

"नाही," ती म्हणाली. "लिंबू होतं."

त्याचे खांदे खाली आले. तिनं बूच घट्ट लावलं आणि बाटल्या खोक्यात ठेवल्या. उद्या खरं सांगायचं की नाही ते उद्या बघू, असं म्हणून ती गवार निवडायला बसली.